घड्याळ गोल दिसायला हवं

लग्नामुंजींच्या जुन्या कॅसेटी आता पेन ड्राइव्हवर आल्या आहेत, आणि त्यांतली माणसं बदलली आहेत. काही घरांत सगळे पाहुणे रुंद आणि बसके दिसतात, काही घरांत उंच आणि किडकिडीत. कुठे माणसं नीट आहेत, पण चित्राच्या चारी बाजूंना काळी चौकट आहे आणि मोठ्या टीव्हीवर मधला तुकडाच तेवढा वापरात आहे. कुठे वरून डोकी कापली गेलीत. अंतरपाटामागे उभे असलेले मामा कपाळापासून गायब आहेत. काहीतरी बिघडलंय हे घरच्यांना कळतं. मग ‘जुनं शूटिंग आहे, तेव्हा असंच यायचं’ अशी समजूत घालून घेतली जाते. ही समजूत चुकीची आहे. त्या दिवशी कॅमेऱ्यानं चित्र बरोबर घेतलं होतं. कॅसेट शाबूत असेल तर तिच्यावर ते आजही बरोबर आहे. बिघाड नंतर झाला, एडिटिंग आणि एक्सपोर्टच्या वाटेवर, आणि बहुतेक वेळा तो दुरुस्त होतो. हे पुस्तक त्या दुरुस्तीसाठी लिहिलं आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. रंग थोडा उडाला, आवाजात खरखर आली तर माणूस ओळखू येतो आणि मन ते भरून काढतं. चेहऱ्याचं प्रमाण बिघडलं की मात्र ओळखच बदलते. चार-तीनचं चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणलं की प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशानं रुंद होतो. ज्या पणतवंडांनी पणजीला प्रत्यक्ष पाहिलं नाही, त्यांच्यासाठी मुंजीच्या फितीत दिसते तीच पणजी. तिची हनुवटी, तिची चण, तिचं चालणं त्यांना त्या पाच-दहा मिनिटांतूनच कळणार आहे. ते चुकीचं कळू नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते बरोबर करायला अर्ध्या तासाची मेहनत पुरते हे ठाऊक असल्यानं तर जास्तच वाटतं.

सगळ्या गोंधळाचं मूळ एका जागी आहे. आपल्याकडे दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती, त्यामुळे आपल्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांची चौकट ७२० बाय ५७६ पिक्सेलांची असे. आता ७२० भागिले ५७६ करून पाहा. उत्तर येतं १.२५. जुन्या टीव्हीचा पडदा चार-तीनचा, म्हणजे १.३३. नव्या टीव्हीचा सोळा-नऊचा, म्हणजे १.७८. फाइलमधल्या ठिपक्यांचा आकार या दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाही. चार-तीनचं शूटिंग असो की सोळा-नऊचं, डीव्ही कॅसेटवर दोन्हींचे ठिपके तेवढेच आणि तसेच मांडलेले असतात. फरक असतो तो सोबत नोंदवलेल्या एका खुणेत: हे चित्र दाखवताना किती रुंद पसरायचं. ती खूण वाचली गेली तर चित्र बरोबर दिसतं. हरवली, कुणी वाचलीच नाही, किंवा दोघांनी दोनदा अमलात आणली, की माणसं जाड नाहीतर बारीक होतात.

याचा अर्थ असा की संगणकाला सवयीनं चौरस वाटणारा पिक्सेल या फितींत चौरस नसतोच. पाल चार-तीनमध्ये तो उंचीपेक्षा किंचित रुंद असतो, सुमारे १.०७ पट. सोळा-नऊमध्ये १.४२ पट. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० ची चौकट, आणि तिथे चार-तीनचा पिक्सेल उलट उभा असतो, सुमारे ०.८९. ही विचित्र मांडणी कुणी लहरीनं केलेली नाही. १९८२ साली डिजिटल चित्रासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात पाल आणि एनटीएससी या दोन्ही जगांना एकच नमुना-वेग, १३.५ मेगाहर्ट्झ, देण्यात आला. दोन्हीकडच्या स्टुडिओंची यंत्रं एकमेकांच्या जवळ यावीत म्हणून दर ओळीला ७२० नमुने हे दोघांत समान ठेवलं गेलं. ओळींची संख्या मात्र ज्याची त्याची राहिली. पिक्सेल चौरस असावा ही संगणकवाल्यांची गरज. त्या वेळच्या टीव्ही अभियंत्यांसमोर ती नव्हतीच. फार शहाणपणाचा निर्णय होता तो, आणि चाळीस वर्षांनी आपल्या घरातल्या फितींवर त्याची सावली पडली आहे.

चित्र दाबून साठवायचं आणि दाखवताना पसरायचं ही युक्ती डीव्हीची स्वतःची नाही. ती सिनेमाची आहे. फ्रान्समधल्या आंरी क्रेतियां यांनी १९२०च्या दशकात असं भिंग बनवलं, जे दृश्य आडवं दाबून फिल्मवर उतरवी. हॉलीवूडनं ते हुडकलं १९५३ साली, टीव्हीकडे वळलेला प्रेक्षक परत आणण्यासाठी, आणि त्याला सिनेमास्कोप म्हटलं. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ साली ‘कागज़ के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. भारतातला तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. मराठीत हा मान महेश कोठारे यांच्या १९९० सालच्या ‘धडाकेबाज’कडे जातो. अशा चित्रपटाची फिल्म हातात धरून उजेडात पाहिली तर नट काठीसारखे उंच दिसतात, कारण आडवं चित्र निम्म्यानं दाबलेलं असतं. प्रोजेक्टरवर उलट काम करणारं भिंग चढवलं की ते पडद्यावर माणसांत येतात. ऑपरेटर ते भिंग चढवायला विसरला की थिएटरात शिट्ट्या सुरू. आपल्या फाइलमधली ती खूण म्हणजे प्रोजेक्टरवरचं हे भिंग आहे. ज्याला एवढं उमगलं त्याला या पुस्तकातला निम्मा भाग समजला.

सोळा-नऊ हा आकडा कुठून आला तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण पुष्कळांना तो सिनेमाचा आकार वाटतो. सिनेमाचे आकार वेगळे होते. मूकपटांचा १.३३, बोलपटाच्या पहिल्या काळातला १.३७, नंतरचे १.६६ आणि १.८५, सिनेमास्कोपचा २.३५. १९८०च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीचा पडदा कसा असावा यावर अमेरिकेतल्या अभियंत्यांमध्ये खल चालू असताना केर्न्स पॉवर्स यांनी या निरनिराळ्या आकारांचे समान क्षेत्रफळाचे आयत काढले, सगळ्यांचे मध्य एकावर एक ठेवले आणि पाहिलं. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समान असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १.७७च्या आसपास निघालं. सोळा-नऊ ही अशी तडजोड आहे. तिच्यात कुठलाही जुना आकार अगदी नेमका बसत नाही, आणि कुठलाच फार वाया जात नाही. काळ्या पट्ट्या पाहून चिडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: पट्टी हा दोष असतोच असं नाही. पुष्कळदा ती प्रामाणिकपणाची खूण असते.

आता मुख्य कामाकडे येतो. चित्र कॅमेऱ्यातून निघून टीव्हीवर पोचेपर्यंत त्या खुणेला सहा हातांतून जावं लागतं: कॅमेरा, कॅसेटवरून संगणकात घेण्याची क्रिया, एडिटिंग सॉफ्टवेअरमधला प्रकल्प, एक्सपोर्ट, फाइल वाजवणारा प्लेअर आणि शेवटी खुद्द टीव्ही. यांतला प्रत्येक जण खूण वाचू शकतो, विसरू शकतो किंवा बदलू शकतो. बहुतेक लोक शेवटच्या टोकाला दुरुस्ती करायला जातात. टीव्हीच्या रिमोटवरचं झूम दाबतात, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा कोपरा धरून डोळ्यांना बरं वाटेपर्यंत ओढतात. ओढू नका, एवढीच माझी पहिली विनंती आहे. डोळा सरावतो; दहा मिनिटं ताणलेलं चित्र पाहिलं की तेच सरळ वाटू लागतं. दुरुस्ती मोजून करायची असते.

मोजायला काय हवं? एक गोल वस्तू, समोरून घेतलेली. ताटं, परडी, पाटाभोवतीची रांगोळी यांचा उपयोग नाही, कारण ती तिरकी दिसतात आणि मुळातच लंबगोल होतात. आपल्या लग्नांच्या शूटिंगनं मात्र एक फार चांगली सोय करून ठेवली आहे. मुहूर्ताच्या वेळी कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट घ्यायचा, ही शूटिंगवाल्यांची लाडकी पद्धत. तो शॉट शोधा. चित्र थांबवा, स्क्रीनशॉट घ्या आणि कुठल्याही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये घड्याळाची उंची आणि रुंदी पिक्सेलांत मोजा. घड्याळ नसेल तर आडव्या बाजूनं दिसणारं सायकलचं चाक घ्या, गाडीच्या चाकाची टोपी घ्या, देव्हाऱ्यामागचं गोल चक्र घ्या. समोरून दिसायला हवं, एवढीच अट.

समजा घड्याळाची उंची ३०० आली. रुंदीही ३०० असेल तर आकार बरोबर आहे. तक्रार दुसरीच काही आहे. रुंदी ४०० आली तर चार-तीनचं चित्र सोळा-नऊ म्हणून पसरलं गेलंय. २२५ आली तर उलट: सोळा-नऊचं शूटिंग कुणीतरी चार-तीनमध्ये कोंबलंय. २११ आली तर सोळा-नऊच्या पाल फाइलची खूण पूर्ण हरवली आहे आणि ७२० बाय ५७६ ठिपके चौरस समजून जसेच्या तसे दाखवले जाताहेत. २८१ आली तर तेच, पण चार-तीनच्या फाइलबाबत. हा शेवटचा बिघाड सहाच टक्क्यांचा असल्यानं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या बाईमाणसांना मात्र ‘मी काही एवढी बारीक नव्हते’ असं वाटत राहतं, आणि त्यांचं म्हणणं खरं असतं. ३३८ आली तर फीत बहुधा अमेरिकेहून आलेली आहे. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांनी बारशाची, डोहाळेजेवणाची कॅसेट पाठवली असेल तर ती एनटीएससी असते, आणि तिचे ७२० बाय ४८० ठिपके चौरस मानले की माणसं साडेबारा टक्क्यांनी रुंद होतात. एक आकडा हातात आला की बिघाडाचं नाव कळतं, आणि नाव कळलं की तो साखळीत कुठे झाला असेल ते दोन-तीन जागांपुरतं उरतं.

पुढची पायरी फाइलला विचारण्याची. मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की ते ठिपक्यांची रुंदी-उंची, पिक्सेलचं प्रमाण आणि दाखवण्याचं प्रमाण वेगवेगळं सांगतं. मूळ फाइल, एक्सपोर्ट केलेली फाइल आणि मधली एखादी असेल तर ती, अशा तिघींना एकापाठोपाठ विचारा. ज्या दोघींच्या उत्तरांत तफावत येते, त्यांच्या मधल्या पायरीवर गडबड आहे. सगळ्यांची उत्तरं बरोबर आणि चित्र तरी चुकीचं, तर दोष प्लेअरचा किंवा टीव्हीचा. संगणकावर व्हीएलसीमध्ये फाइल लावून इंग्रजी ‘ए’ची कळ एकेकदा दाबत गेलं तर ते चित्र निरनिराळ्या प्रमाणांत दाखवतं. कुठल्या प्रमाणाला घड्याळ गोल होतं ते पाहून मोजणीचा ताळा घ्यावा. यानं फाइल बदलत नाही, फक्त निदान होतं.

निदानानंतर पुष्कळदा असं निघतं की ठिपके सगळे जागेवर आहेत आणि फक्त खूण चुकली आहे. अशा वेळी पुन्हा एक्सपोर्ट करू नका. एफएफएमपेगसारखी साधनं चित्राला हात न लावता फाइलच्या माथ्यावरचा आकडा तेवढा बदलतात. तासाभराची फीतही काही क्षणांत होते आणि गुणवत्ता कणभर घटत नाही. पुन्हा एक्सपोर्ट करणं म्हणजे चित्र पुन्हा दाबणं, आणि दर वेळी चेहऱ्यावरचा थोडा बारकावा जातो. एका दुकानातून परत आलेली अशीच एक मुंज मी पाहिली आहे. खूण चुकली होती म्हणून तिथे फीत ताणून पुन्हा एक्सपोर्ट केली गेली, ती चुकलीच म्हणून आणखी एकदा. आकार शेवटी जुळला, पण बटूच्या डोळ्यांतलं पाणी दिसेनासं झालं होतं. मूळ कॅसेट कपाटात होती म्हणून ते परत मिळालं.

सगळ्यात जास्त भेटणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रकार दुहेरी दुरुस्तीचा आहे. त्यावर पुस्तकात मोठं प्रकरण आहे, इथे त्याचं रूप तेवढं सांगतो. शूटिंग सोळा-नऊचं. एडिटिंगचा प्रकल्प सुरू करताना चार-तीन निवडला गेला, कारण सॉफ्टवेअर उघडल्यावर तेच समोर होतं. सॉफ्टवेअरनं इमानानं वर-खाली काळ्या पट्ट्या घातल्या. आता ५७६ ओळींपैकी चित्राला ४३२च उरल्या. मग एक्सपोर्ट करताना ‘वाइडस्क्रीन’वर खूण केली. झालं. पट्ट्याही राहिल्या आणि माणसंही एक-तृतीयांशानं रुंद झाली. पाहणारा म्हणतो, ‘पट्ट्या आहेत म्हणजे वाइडस्क्रीन नीट लागलंय, मग जाड का?’ दोन्ही उपाय लागू झाले म्हणून. याचं भावंड म्हणजे चारी बाजूंची काळी चौकट: आधी सोळा-नऊ चित्र चार-तीनमध्ये वर-खाली पट्ट्या घालून बसवलं, मग ते चार-तीन सोळा-नऊमध्ये डावी-उजवीकडे पट्ट्या घालून बसवलं. रुंदीचा पाऊण, उंचीचा पाऊण. पडद्याच्या एकूण जागेपैकी छप्पन टक्केच चित्राला मिळते. फुल एचडी टीव्हीवर १४४० बाय ८१० चा तुकडा. यात आकार बिघडत नाही, म्हणून लोक सहन करतात. पण कडा कापून ते मोठं करता येतं, आणि मूळ फीत असेल तर त्याहून चांगलं करता येतं.

म्हणूनच प्रकल्पाच्या तीन जागा तपासायची सवय लावून घ्या. पहिली, क्लिपला सॉफ्टवेअरनं काय समजलंय. प्रीमियरमध्ये हे ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये दिसतं, दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये. दुसरी, टाइमलाइनचा आकार. तिसरी, एक्सपोर्टचा. शूटिंगवाल्यानं कार्यक्रम चालू असताना मध्येच कॅमेरा चार-तीनवरून सोळा-नऊवर नेला असेल तर एकाच फितीत दोन खुणा असतात. अख्खी कॅसेट एक क्लिप म्हणून घेतली की सॉफ्टवेअर सुरुवातीची खूण पाहून सगळ्यांना तोच न्याय लावू शकतं. हळद बरोबर आणि सप्तपदी चेपलेली, असं दिसलं की बदलाच्या जागी क्लिप तोडा आणि दोन्ही तुकड्यांना आपापलं प्रमाण सांगा.

कॅमेऱ्याचंही एक कोडं आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांत वाइडस्क्रीनच्या नावाखाली दोन निराळ्या सोयी असत. एकीत चार-तीनच्याच चित्रावर वर-खाली काळ्या पट्ट्या रंगवल्या जात. दुसरीत चित्र खरोखर दाबून सोळा-नऊची खूण लावली जाई. पहिल्या प्रकारच्या फितीला सोळा-नऊची खूण लावली तर वर सांगितलेला जाडपणा येणारच. ही फीत चार-तीनच आहे, तिच्या पट्ट्या चित्राचाच भाग आहेत, हे मान्य करून पुढे जावं लागतं. पुढच्या एचडीव्ही कॅमेऱ्यांत १४४० बाय १०८० ठिपके सोळा-नऊ म्हणून पसरायचे असत. तिथे खूण हरवली की घड्याळ बरोबर पाऊण होतं, म्हणजे ३०० ला २२५. डीव्हीच्या कोंबलेल्या सोळा-नऊसारखाच आकडा, कारण मात्र वेगळं.

लग्नाच्या डीव्हीडीचा प्रश्न जरा निराळा आहे. डीव्हीडीवर ठिपके तेच, ७२० बाय ५७६, पण खूण दोन ठिकाणी असते: चित्राच्या प्रवाहात एक आणि तबकडीच्या माहिती-फाइलमध्ये एक. डीव्हीडी प्लेअर माहिती-फाइलचं ऐकतो. तुम्ही तबकडीवरच्या चित्राच्या फाइल तेवढ्या संगणकावर ओढून घेतल्या की दुसरी खूण मागेच राहते. दोघींचं म्हणणं सारखं असेल तर काही होत नाही. घाईनं बनवलेल्या तबकड्यांत ते सारखं नसतं. म्हणून पूर्ण तबकडी उतरवून घ्यावी.

काही बाबतींत माझी मतं ठाम आहेत आणि ती पुस्तकभर दिसतील. चार-तीनची फीत सोळा-नऊचा पडदा भरावा म्हणून वर-खाली कापू नये. एक-चतुर्थांश चित्र जातं. शूटिंगवाल्यानं जी चौकट धरली होती तिच्यात वर मुंडावळ्या आणि पडणाऱ्या अक्षता होत्या, खाली पाय धुण्याचं तबक होतं. कापल्यावर उरतात ती पोटं आणि दागिने. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत तेच चित्र धूसर करून भरण्याची जी टूम आली आहे, तीही मला मान्य नाही. डोळा सारखा त्या हलत्या धुक्याकडे जातो आणि मधल्या माणसाकडे लक्ष राहत नाही. साध्या काळ्या पट्ट्या ठेवाव्यात. त्याही फाइलमध्ये रंगवू नयेत. चार-तीनची फाइल चार-तीनच ठेवावी, पट्ट्या घालणं टीव्हीला येतं. एकाच चित्रपटात जुनं आणि नवं फुटेज एकत्र असेल तरच फाइलमध्ये पट्ट्या येऊ द्याव्यात. आणि ७२० पिक्सेलांपैकी खरं चित्र सुमारे ७०२ पिक्सेलांत असतं, त्यामुळे पिक्सेलचं प्रमाण १.०७ धरावं की १.०९, हा जो दोन-अडीच टक्क्यांचा वाद तज्ज्ञांत चालतो, त्यात घरच्या माणसानं पडू नये. तेवढा फरक कॅमेऱ्याच्या भिंगातूनही येतो.

आजच्या टीव्हीसाठी एक्सपोर्ट करायचं तर पिक्सेल चौरस करून टाकणं सगळ्यात सुरक्षित. पाल चार-तीनसाठी ७६८ बाय ५७६ किंवा मोठं हवं असेल तर १४४० बाय १०८०; सोळा-नऊसाठी १०२४ बाय ५७६ किंवा १९२० बाय १०८०. मग खूण वाचणारा प्लेअर असो वा नसो, चित्र एकच दिसतं. फक्त उंची बदलण्याआधी एक काम करायला हवं. या फितींत दर सेकंदाला पंचवीस चौकटी असतात आणि प्रत्येकीत सम-विषम ओळींची दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं विणलेली असतात. ती न सोडवता उंची वाढवली की हलणाऱ्या हाताच्या कडेला जाड दातेरी रेषा उमटतात आणि त्या पुढे कशानंही जात नाहीत. आधी डीइंटरलेस, मग आकार. पंचवीसच्या पन्नास चौकटी करून घेतल्या तर मुलांची धावपळ मूळच्याइतकी सलग दिसते.

फोनच्या चित्रफितींना मी एकच छोटं प्रकरण दिलं आहे. तिथे पिक्सेल चौरस असतो. गडबड करते ती चित्र किती अंशांनी फिरवायचं ही खूण. फोन उभा धरला तरी आतला सेन्सर आडवाच असतो, आणि फाइलमध्ये ‘नव्वद अंश फिरवा’ अशी नोंद होते. जुनं सॉफ्टवेअर ती वाचत नाही आणि बारशातला पाळणा आडवा पडतो. निदानाची रीत तीच.

टीव्हीबद्दलही थोडंच. चित्र बिघडलंय असं ठरवण्याआधी एखादी नक्की बरोबर असलेली फाइल त्याच पेन ड्राइव्हवरून त्याच टीव्हीवर लावून पाहा. पुष्कळ टीव्ही मुळातच कडा थोड्या कापून दाखवतात, आणि चार-तीनचं चित्र आपणहून ताणण्याची त्यांची सेटिंगही चालू असते. चित्राच्या मेनूत ‘ऑटो’, ‘ओरिजिनल’, ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशी नावं असतात. कुठल्यानं घड्याळ गोल होतं आणि कडा शाबूत राहतात ते एकदा पाहून ठेवावं. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही टीव्ही चार-तीन की सोळा-नऊ असा प्रश्न असतो. घरातली निम्मी तक्रार इथेच मिटू शकते, पण एक्सपोर्ट चुकला असेल तर टीव्हीत केलेली जुळवणी दुसऱ्या घरी उपयोगी पडत नाही.

प्रकरणं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही. घड्याळाची मोजणी करून आकडा काढा आणि त्या आकड्याच्या प्रकरणाला जा. अपवाद एकच: ज्यांच्या कॅसेटी अजून कपाटात आहेत आणि संगणकात घेतलेल्या नाहीत, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून कॅसेट उतरवण्याचं प्रकरण आधी वाचावं. खुणेचा आकडा पाच वर्षांनीही बदलता येईल. फितीवरचा चुंबकी थर तोवर थांबेल याची खात्री नाही, आणि ती वाजवणारे चालू स्थितीतले कॅमेरे व फायरवायरची, म्हणजे कॅमेरा जोडण्याच्या जुन्या केबलीची, जागा असलेले संगणक दरवर्षी कमी होताहेत. डीव्ही कॅसेट फायरवायरनं घ्या, म्हणजे ठिपके आणि खूण दोन्ही जशीच्या तशी येतात. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि आजच्या हार्डडिस्कच्या मानानं ती काहीच नाही. पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलीनं घेणं भागच असेल आणि शूटिंग सोळा-नऊचं असेल तर आधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन ‘टीव्ही टाइप’ सोळा-नऊ करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच पट्ट्या घालून चित्र बाहेर पाठवील आणि त्या ओळी कायमच्या गेल्या. उतरवलेल्या फाइलला कापू नका, ताणू नका, पुन्हा दाबू नका. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका, नावात कार्यक्रम, साल आणि ‘४-३’ किंवा ‘१६-९’ लिहा, आणि मग एडिटिंगला बसा.